कंडेन्सरमध्ये वीज किती?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु मित्रहो, वीज ही काही एकट्या विज्ञान शाखेची जहागीर नव्हे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात छताला पंखा नसलेले घर आज विरळाच. आणि बहुतेक पंख्यांच्या टोपणाखाली काडेपेटीएवढी एक डबी असते. बाजारात तिला ‘कंडेन्सर’ म्हणतात, पाठ्यपुस्तकात ‘धारित्र’. पंखा सावकाश फिरू लागला की शेजारपाजारचे कोणीतरी सांगते, “कंडेन्सर गेला असेल, बदलून टाका.” बहुतेकांचा या वस्तूशी असलेला परिचय तेवढ्यावरच संपतो.

माझा परिचय थोडा अधिक आहे. माझे वडील कल्याण पूर्वेला पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. संध्याकाळी मी दुकानात बसतो. तेथे एखादे चौकस गिऱ्हाईक डबी हातात घेऊन हमखास विचारते, “यात वीज साठते म्हणतात, ती किती हो?” डबीवर ‘२.५’ असा आकडा छापलेला असतो. आत तेवढी वीज भरलेली आहे, असाच पुष्कळांचा समज असतो. हा समज बरोबर नाही. त्यापायी चांगल्या डब्या कचऱ्यात जातात, आणि क्वचित माणसाच्या जिवावरही बेतते. म्हणून हा हिशेब नीट मांडून पाहावा असे वाटले.

पिंप आणि पाणी

आपल्याकडे नळाला पाणी ठराविक वेळीच येते, त्यामुळे पिंप ही वस्तू समजावून सांगण्याची गरज नाही. समजा, दोन पिंपे आहेत; एक रुंद आणि एक अरुंद. दोन्हींत हातभर उंचीपर्यंत पाणी आहे. पाणी जास्त कशात? अर्थातच रुंद पिंपात. आता दोन सारखीच पिंपे घ्या. एक काठोकाठ भरलेले, दुसरे निम्मे. येथे रुंदी सारखी, पण पाणी दुप्पट. म्हणजे पाणी किती, हे सांगायला पिंपाच्या तळाचे क्षेत्रफळ आणि पाण्याची उंची अशा दोन गोष्टी लागतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे पाणी.

कंडेन्सरचे नेमके असेच आहे. तळाच्या क्षेत्रफळाच्या जागी त्याची ‘धारकता’ येते. ती फॅरड या एककात मोजतात. उंचीच्या जागी विजेचा दाब येतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. आणि पाण्याच्या जागी विद्युतभार येतो. तो कूलोममध्ये मोजतात. सूत्र एका ओळीचे आहे:

विद्युतभार = धारकता × दाब

डबीवरचा २.५ हा आकडा धारकतेचा, म्हणजे पिंपाच्या रुंदीचा आहे. आत पाणी किती आहे, याबद्दल तो काहीच सांगत नाही. दुकानात मांडून ठेवलेली कोरी डबी रिकामी असते, तरी तिच्यावर २.५ हाच आकडा असतो. डबीवर दुसरा एक आकडा असतो, बहुधा ४४० व्होल्ट. तोही आतल्या विजेचा नव्हे. यापेक्षा जास्त दाब देऊ नका, अशी ती मर्यादा आहे. पिंपाचा काठच म्हणा ना!

नावाची हकीकत

कॉलेजात ‘कंडेन्सर’ म्हटले की काही मित्र हसतात. हा मेस्त्री लोकांचा शब्द, शिकलेल्या माणसाने ‘कपॅसिटर’ म्हणावे, असे त्यांचे मत. यासाठी थोडा इतिहास पाहू. वीज साठवता येते हे १७४५-४६ च्या सुमारास पोमेरानियातील क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक मुशेनब्रुक यांना स्वतंत्रपणे आढळले. त्यांचे साधन म्हणजे पाणी भरलेली काचेची बाटली. ‘लायडनची बाटली’ म्हणून ती प्रसिद्ध झाली. १७४६ साली नोले या फ्रेंच पंडिताने राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभे केले आणि अशा बाटलीतील वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकदमच उडाले! पुढे १७८२ मध्ये इटलीच्या व्होल्टाने या जातीच्या साधनाला ‘दाटवणारा’ अशा अर्थाचा शब्द योजला. आपला ‘कंडेन्सर’ तो हाच. ‘कपॅसिटर’ हा शब्द पुष्कळ नंतरचा. तेव्हा माझे वडील जो शब्द वापरतात तो अडाण्यांचा नसून व्होल्टाचा आहे. आपला व्होल्ट ज्याच्या नावाने मोजतो, तोच हा व्होल्टा. फॅरड हे नाव इंग्लंडच्या मायकेल फॅरडेवरून, तर कूलोम हे फ्रान्सच्या कूलोमवरून आले आहे.

डबीच्या पोटात

डबी फोडून पाहिली तर आत प्लॅस्टिकच्या अत्यंत पातळ फितीची घट्ट गुंडाळी निघते. फितीवर धातूचा मुलामा असतो. धातूचे दोन थर आणि त्यांना वेगळे ठेवणारे प्लॅस्टिक, एवढाच काय तो कंडेन्सर. वीज एका थरातून दुसऱ्यात आरपार जात नाही. एका थरावर जेवढा धन भार जमतो, तेवढाच ऋण भार दुसऱ्या थरावर जमतो. दोन्हींची बेरीज शून्यच. हिशेबाच्या वहीत जमा आणि नावे या दोन बाजू सारख्या असाव्यात, तसे हे आहे. आपण ‘साठा’ म्हणतो तो एका बाजूचा आकडा.

थरांचे क्षेत्रफळ वाढवले की धारकता वाढते. त्यांच्यातील अंतर कमी केले तरीही वाढते. म्हणून तर फीत लांब आणि पातळ घेतात. एक फॅरड हे एकक किती मोठे, याची कल्पना अशी करावी: दोन सपाट पत्रे एक मिलिमीटर अंतरावर, मध्ये नुसती हवा, आणि धारकता एक फॅरड हवी, तर प्रत्येक पत्रा सुमारे ११३ चौरस किलोमीटरचा लागेल. पत्रा चौकोनी धरला तर त्याची एक बाजू साडेदहा किलोमीटरच्या वर भरेल. ठाणे स्टेशनातून सुटलेली गाडी दिवा ओलांडून पुढे जाईल एवढी! म्हणून व्यवहारात फॅरडचा दहा लक्षावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड वापरतात. आपल्या डबीवरचे २.५ हे मायक्रोफॅरड असतात.

प्रत्यक्ष आकडेमोड

आता गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. समजा, २.५ मायक्रोफॅरडची डबी घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर थेट जोडलेली आहे. (पंख्याच्या आत ती एका वेटोळ्याबरोबर जोडलेली असल्याने तेथला दाब थोडा वेगळा पडतो, पण हिशेबाची रीत तीच.) येथे एक खाच आहे. आपल्याकडे येणारी वीज उलटसुलट वाहणारी आहे. तिचा दाब शून्यावरून चढतो, शिखर गाठतो, उतरतो, मग उलट्या दिशेने तसाच चढतो-उतरतो. आणि असे सेकंदाला ५० वेळा होते. २३० हा एका विशिष्ट रीतीने काढलेल्या सरासरीचा आकडा. शिखराचा दाब त्याच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असतो. म्हणून

शिखरावरचा विद्युतभार = २.५ × ३२५ = सुमारे ८१३ मायक्रोकूलोम.

म्हणजे एका कूलोमचा हजारावा भागसुद्धा नाही! तरीही इलेक्ट्रॉनांच्या संख्येत हा आकडा पन्नास कोटी गुणिले एक कोटी इतका भरतो.

हा साठा करायला ऊर्जा किती लागली? येथे पुन्हा पिंप आठवावे. रिकाम्या पिंपात नळी तळाशी लावून पाणी भरताना पहिला तांब्या काहीच उंची चढत नाही, शेवटच्याला मात्र पूर्ण उंचीचा दाब सोसावा लागतो. सरासरी उंची निम्मी. म्हणून ऊर्जा काढताना विद्युतभाराला दाबाने गुणून निम्मे करतात. आपल्या डबीत ती ०.१३ ज्यूल येते. शंभर ग्रॅमचे वजन १३ सेंटिमीटर उचलण्याइतकी.

साठा आणि प्रवाह

मग एवढ्याशा साठ्यावर पंखा फिरतो कसा? येथे माझा अर्थशास्त्राचा विषय कामी आला. अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह या दोन कल्पनांत भेद करायला शिकवतात. बचत खात्यातील शिल्लक हा साठा, महिन्याचा पगार हा प्रवाह. विद्युतभार हा साठा आहे, आणि ज्याला आपण ‘करंट’ म्हणतो तो प्रवाह. शिवाय पैशाचा भ्रमणवेग म्हणूनही एक कल्पना आहे: चलन थोडे असले, पण ते हातोहात भराभर फिरत राहिले, तर त्यावर मोठी उलाढाल होते.

डबीतही भ्रमणवेगच काम करतो. दाबाच्या प्रत्येक फेरीत डबी एकदा भरते, रिकामी होते, उलटी भरते आणि पुन्हा रिकामी होते. म्हणजे चार हालचाली. सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणून २०० हालचाली. ८१३ मायक्रोकूलोमला २०० ने गुणले की सरासरी ०.१६ अँपियरचा प्रवाह मिळतो. छताच्या पंख्याच्या दुसऱ्या वेटोळ्याला इतपत प्रवाह पुरतो. डबी पंख्याला साठवलेली वीज पुरवत नाही; दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाहाची वेळ ती पुढे सरकवते, आणि त्या वेळेच्या फरकानेच पंख्याला फिरण्याची दिशा मिळते. डबी मेली की पंखा नुसता गुणगुणतो, हाताने ढकलावा लागतो, तो यामुळेच.

एकाच दिशेने वाहणारी वीज असेल तर ही उलाढाल बंद पडते. आपल्या रेल्वेमार्गाचेच उदाहरण घ्या. मुंबईत १९२५ साली विजेची गाडी सुरू झाली ती एकाच दिशेने वाहणाऱ्या १५०० व्होल्टच्या विजेवर. ठाकुर्लीचे चोळे वीजकेंद्र रेल्वेने १९२९ साली सुरू केले, तेही याच गाड्यांसाठी. ते आता बंद आहे, आणि २०१६ पर्यंत मध्य रेल्वेचे उपनगरी मार्ग उलटसुलट वाहणाऱ्या २५,००० व्होल्टच्या विजेवर गेले. जुन्या तारेवर कंडेन्सर जोडला असता तर तो एकदाच भरून गप्प बसला असता: साठा कायम, प्रवाह शून्य. नव्या तारेवर तो सेकंदाला शंभरदा भरेल आणि शंभरदा रिकामा होईल.

ठिणगीची परीक्षा

कंडेन्सर चांगला की वाईट हे ठरवण्याची एक जुनी रीत अनेक ठिकाणी चालते. डबीच्या दोन तारा क्षणभर मेन लाइनला लावायच्या, काढायच्या आणि एकमेकींना चिकटवायच्या. ठिणगी पडली तर माल चांगला, नाही पडली तर फेकून द्यायचा. ही रीत धोक्याची आहे, हे तर उघडच आहे. कोणी ती करू नये. पण धोका बाजूला ठेवला तरी ती न्यायाची नाही, हे आपल्या सूत्रावरूनच दाखवता येते.

तार काढली त्या क्षणी दाब किती होता, त्यावर आतला साठा ठरतो. तो क्षण शिखराचा असेल तर ८१३ मायक्रोकूलोम. दाब शून्यावरून जात असतानाचा असेल तर काहीच नाही. माणसाच्या हाताला सेकंदाच्या शंभराव्या भागातला क्षण निवडता येत नाही, तेव्हा सगळा नशिबाचा खेळ. हिशेब केला तर असे दिसते, की तीनांतून एका वेळी दाब शिखराच्या निम्म्याहून कमी असतो. म्हणजे ठिणगीची ऊर्जा पाव हिश्शाहूनही कमी. शंभरांतून सहा वेळा तर तो शिखराच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो. तेव्हा ठिणगी जवळजवळ दिसणारच नाही. डबी मात्र ठणठणीत! उलट, धारकता २.५ वरून दीडवर आलेली थकलेली डबीसुद्धा शिखराच्या क्षणी सुटली तर झकास ठिणगी देते. ती पंख्यात परत जाते, आणि पंखा पूर्वीसारखाच रेंगाळतो.

डबी थकते तरी कशी? फितीतील प्लॅस्टिकला कोठे बारीक छिद्र पडले, की त्याभोवतीचा धातूचा मुलामा उडून जातो आणि छिद्र आपोआप वेगळे पडते. डबी वाचते, पण तेवढे क्षेत्रफळ कायमचे कमी होते. अशी छिद्रे साठत गेली की धारकता उतरते. डबीवरचा छापील आकडा अर्थातच तोच राहतो. म्हणून खरी परीक्षा एकच: डबी आधी रिकामी करावी आणि धारकता मोजणाऱ्या मीटरवर लावावी. छापील आकड्यापेक्षा पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे २.३८ ते २.६२. आमच्या दुकानात आता हा मीटर आहे. बाबा प्रत्येक डबी मोजून तिचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवतात. ठिणगीवर भांडणे होत, आकड्यावर होत नाहीत.

बंद म्हणजे रिकामा नव्हे

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. आमच्या ओळखीचे एक वायरमन काका एका कारखान्यात कामाला होते. मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून त्यांनी पॅनेल उघडले, आणि आतल्या मोठ्या कंडेन्सरला त्यांचा हात लागला. धक्क्याने ते मागे फेकले गेले, तळहात भाजला. काही महिने त्यांच्या घरात पगार आला नाही. स्विच बंद होता, मग वीज आली कोठून?

कारखान्यांतील मोटारी आपल्या गरजेपेक्षा जादा प्रवाह लाइनमधून खेळवतात. तो जागच्या जागी भागवावा आणि बिलाचा बोजा वाढू नये, म्हणून पॅनेलमध्ये मोठे कंडेन्सर बसवतात. भिवंडीच्या मागांपासून डोंबिवलीच्या कारखान्यांपर्यंत हे सर्वत्र लागू आहे. ४४० व्होल्टच्या तीन फेजवर मध्यम आकाराच्या अशा कंडेन्सरचा प्रत्येक भाग सुमारे ५५ मायक्रोफॅरडचा असतो. शिखराचा दाब ६२२ व्होल्ट. गुणाकार केला तर साठा सुमारे ३४,००० मायक्रोकूलोम येतो, म्हणजे पंख्याच्या डबीच्या ४२ पट. ऊर्जा मात्र साडेदहा ज्यूलच्या वर, म्हणजे ८० पट. कारण येथे दाबही जवळजवळ दुप्पट आहे. स्विच बंद केल्याने नळ बंद होतो. पिंप भरलेलेच राहते. आणि नेहमीचा टेस्टर अशा वेळी भरवशाचा नाही, कारण साठा जमिनीच्या संदर्भात नसून दोन टोकांच्या मध्ये असतो.

हे पिंप रिकामे व्हावे म्हणून दोन टोकांमध्ये एक रोधक जोडलेला असतो. त्याचा हिशेब तोंडी करता येतो: रोध मेगओहममध्ये आणि धारकता मायक्रोफॅरडमध्ये घेऊन गुणाकार केला की सेकंद मिळतात. एक मेगओहमचा रोधक आणि ५५ मायक्रोफॅरड, म्हणजे ५५ सेकंद. दर ५५ सेकंदांनी दाब आधीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. ६२२ चे २२९, मग ८४, मग ३१. म्हणजे जवळजवळ तीन मिनिटे हात न लावता थांबणे हा भित्रेपणा नसून गणित आहे. आणि तो रोधक तुटलेला असेल तर तीन मिनिटेही पुरी पडत नाहीत. साठा तासन्‌तास टिकू शकतो. म्हणून थांबल्यावरही दोन टोकांमधला दाब मीटरने पाहायचा, कंडेन्सर योग्य रोधकातून रिकामा करायचा, पुन्हा पाहायचा, आणि मगच हात घालायचा.

काका आता बरे आहेत. हा सगळा हिशेब मी त्यांना कागदावर करून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “तीन मिनिटं थांबायचं हे आम्हाला सांगितलं होतं रे. का थांबायचं, ते कोणी सांगितलं नाही.”

मला वाटते, आपल्यासारख्यांनी कॉलेजात शिकून करण्याजोगे पुष्कळ काम या ‘का’ मध्ये आहे. कारागिराच्या हातात रीत असते, पुस्तकात कारण असते, आणि दोघांची गाठ क्वचित पडते. पुस्तकातली भाषा ‘विभवांतर’ आणि ‘धारकता’ म्हणते, तर दुकानात ‘होल्टेज’ आणि ‘एमएफडी’ चालते. गोष्ट मात्र एकच आहे. आपल्या कॉलेजच्या वाचनालयात पंखे आहेत, त्यांपैकी दोन रेंगाळतात. विज्ञान शाखेच्या मित्रांनी मीटर आणावा आणि प्राध्यापकांनी परवानगी द्यावी. वीजपुरवठा बंद करून, डब्या आधी रिकाम्या करून, त्या आम्ही मोजून देऊ आणि आलेले आकडे सूचनाफलकावर लावू.